पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवणारं औषध खरंच असतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की डोंबिवलीला राहता, मिस्टर रोज पितात, डॉक्टरचं नाव काढलं की भांडण होतं. नणंदेने लोकलमधल्या जाहिरातीवरचा नंबर आणून दिलाय, जेवणात गुपचूप घालायची पावडर. गुण येतो का, कितीला पडते आणि काही अपाय तर नाही ना, असं विचारलंय.

घालू नका. एवढं लिहून थांबले असते, पण हे प्रकरण आमच्या घरात होऊन गेलंय, त्यामुळे लांबेल.

त्या पुडीत काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं, म्हणून पुडीचं सोडा. खरोखर काम करणारी एक गोळी आहे, डायसल्फिरम. हे मुळात रबराच्या कारखान्यातलं रसायन. तिथले कामगार संध्याकाळी प्यायले की आजारी पडायचे. पुढे १९४०च्या दशकात डेन्मार्कमधल्या संशोधकांनी त्याचं औषध केलं. दारू पोटात गेली की शरीर तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्या विषाचा निकाल लावतं. ही गोळी तो दुसरा टप्पाच अडवते. विष साचतं आणि माणूस दहा-वीस मिनिटांत लालबुंद होतो, ओकतो, छाती धडधडते, बीपी पडतं. दारूची ओढ ती कमी करत नाही, फक्त भीती घालते. आणि ज्याला गोळी घेतल्याचं माहीतच नाही, तो कशाला घाबरणार? तो पिणारच.

आमचे बाबा प्यायले.

आम्ही विक्रोळीला, कन्नमवार नगरात. त्याआधी लालबागला चाळीत होतो, बाबा गिरणीत साचेखात्यात. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि मिटलाच नाही. खोली विकून इकडे आलो, बाबा कांजूरला वॉचमन लागले. माझा मामा अजून सांगतो की संपाने भावोजींना प्यायला लावलं. साफ खोटं. संपात अडीच लाख माणसं होती, सगळी काय गुत्त्यावर जाऊन बसली नाहीत. बाबा संपाच्या आधीही पगाराच्या दिवशी भिंत धरत घरी यायचे. संपाने त्यांना कारण दिलं, आणि आमच्या नातेवाइकांना त्याहून मोठं कारण दिलं.

मामाच्या ओळखीचा एक केमिस्ट होता. त्याने चिठ्ठीशिवाय पाकीट दिलं. मामाने दिवसही हेरून ठेवला होता, गटारी. म्हणाला, आज ते हमखास पिणार, आजच धडा मिळेल. दुपारी मटण होतं. आईने गोळ्या वरवंट्याने बारीक केल्या आणि बाबांच्या वाटीतल्या रश्शात घातल्या. मी अकरावीत होते. लोणच्याच्या बरणीमागे ठेवलेलं रिकामं पाकीट मला दिसलं, वाचलं, खिशात टाकलं. मामाला विचारलं तर म्हणाला, ताकदीच्या गोळ्या आहेत.

संध्याकाळी बाबांना मैदानावरून दोघांनी धरून आणलं. तोंड, मान, कान शिजवलेल्या खेकड्यासारखे लाल. शर्टावरून छातीचे ठोके दिसत होते. ओकत होते आणि मधेच "मेलो, मेलो" म्हणत होते. दारात मामा उभा होता आणि हसत होता. आईला म्हणाला, "बघ, लागू पडली." हे वाक्य मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पाच मिनिटांनी बाबांचे डोळे फिरले, हातपाय गार पडले, तेव्हा कुठे त्याचं हसू गेलं.

रिक्षाने पालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरने विचारलं, काय दिलंत? मामा म्हणाला, "गटारी हो, जरा जास्त झाली." आई खाली बघत होती. मी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टर तरुण होता, त्याने मामाला जे झापलं ते ऐकून वॉर्डातले पेशंट उठून बसले. हृदयाचा आजार असलेल्याला ही गोळी द्यायचीच नसते आणि बाबांचा कार्डिओग्राम कोणी कधी काढलाच नव्हता. रात्रभर सलाइन चाललं. सकाळपर्यंत वाचले, म्हणून मी हे आज चिडून लिहू शकते. नाहीतर रडून लिहिलं असतं.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते ऐका. बाबा घरी आले आणि त्यांनी घरचं जेवण सोडलं. वडापाव खायचे, नाहीतर स्टोव्हवर स्वतःपुरती दोन अंडी उकडायचे. माठातलं पाणी प्यायचे नाहीत, नळाला तोंड लावायचे. कधी ताटावर बसलेच तर आईला आधी घास खायला लावायचे, आमच्यादेखत. आणि पिणं वाढलं, कारण आता त्यांना सांगायला जागा मिळाली होती: बायकोने विष घातलं. गुत्त्यावर सगळे त्यांच्या बाजूने. त्याआधी बेवडा कोण हे वाडीला माहीत होतं, त्यानंतर गुन्हेगार आई झाली.

२०१५च्या जूनमध्ये मालाडला मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसं मेली. तेव्हा मामा टीव्हीपुढे बसून म्हणाला, काय नीच लोक, माणसाला न सांगता काय वाट्टेल ते पाजतात. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला काही लक्षात आलं नाही.

दारू सुटली ती वेगळ्याच वाटेने. मागच्या बिल्डिंगमधले एक काका अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या एए गटाच्या मीटिंगला, जायचे. नाव लिहीत नाही, तिथे नाव सांगायचं नसतं. ते बाबांशी एक शब्द बोलले नाहीत. आईला म्हणाले, "वहिनी, घरच्यांची वेगळी मीटिंग असते, अ‍ॅलॅनॉन. आधी तुम्ही चला." आई पालिकेच्या शाळेतल्या एका वर्गात, पोरांच्या बाकावर जाऊन बसायला लागली. मामा चिडला. म्हणाला, पितो तो आणि सभेला तू?

पण तिथून आल्यावर आईने तीन कामं बंद केली. गुत्त्याची उधारी भरणं बंद. सुपरवायझरला "त्यांना ताप आहे" म्हणून निरोप धाडणं बंद. रात्री ओकलेलं पुसणं बंद. सकाळी उठून बघतील आपलं आपण. मामाच्या मते तिने नवऱ्याला वाऱ्यावर सोडलं. माझ्या मते आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांना मोठा माणूस समजून वागवलं. यावर आमचं आजही जमत नाही.

बाबा स्वतः मीटिंगला गेले त्याला बराच काळ लागला. नोकरी गेली होती, हात थरथरत होते. मीटिंगला नेमकं कशाने गेले ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही आणि आम्हीही खोदून विचारलं नाही. काकांनी त्यांना घरात कोंडून दारू सोडायला लावलं नाही, आधी सरकारी हॉस्पिटलात मानसोपचार विभागात नेलं. तिथे भरती झाले. दारू बंद केल्यावरचा त्रास आवरायला लिब्रियमची गोळी दिली, रोज थोडी थोडी कमी करत, आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. मग रोज संध्याकाळी मीटिंग, "फक्त आजचा दिवस". मधे एकदा घसरले, स्लिप म्हणतात तिथे. पुन्हा जाऊन मागच्या बाकावर बसले.

आणि त्या घसरण्यानंतर डॉक्टरांनी त्यांना एक गोळी सुचवली. होय, तीच. समोर बसवून समजावलं की ही घेऊन प्यायलात तर काय होतं. बाबा म्हणाले, मला माहितेय, गटारीला घेतलीय. डॉक्टरांनाही हसू आवरलं नाही. तपासण्या झाल्या, कार्डिओग्राम झाला, बाबांनी सही केली. रोज सकाळी चहाआधी ते स्वतः आईकडे हात पुढे करायचे आणि तिच्यासमोर गोळी गिळायचे. काही महिन्यांनी डॉक्टरांनी ती बंद केली. बाबा शेवटपर्यंत प्यायले नाहीत. दोन वर्षांपूर्वी गेले.

बाराव्याला मामा पाहुण्यांना सांगत होता, "शेवटी माझ्याच गोळीने सुटली हो त्यांची." पाहुणे माना डोलावत होते. मी पंगतीत वाढत होते म्हणून गप्प बसले.

तर नाही, मामा. गोळी तीच होती, पण पहिल्यांदा ती तू घातलीस आणि दुसऱ्यांदा त्यांनी घेतली.

ताई, तुमचं राहिलंच. खर्चाचं विचारलंत: सायन, केईएम, नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे, केस पेपर काढायचा, खाजगीच्या मानाने काहीच पैसे लागत नाहीत. डोंबिवलीहून सायन सोयीचं. मिस्टर येत नसतील तर पहिल्या वेळी तुम्ही एकट्या जा. भरती करण्यासाठी पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं. वांद्र्याला फादर जो परेरांची कृपा फाउंडेशन १९८१पासून आहे. सरकारी हेल्पलाइन १४४४६. गाडी पाठवून माणूस उचलून नेतो म्हणणाऱ्या केंद्रांपासून लांब राहा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं, कोणालाही असं उचलून डांबता येत नाही.

एक महत्त्वाचं, वर लिहायला हवं होतं. मिस्टर सकाळी उठल्या उठल्या पीत असतील, न प्यायल्यास हात कापत असतील, तर "आजपासून बंद" असं घरच्या घरी करू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस दगावूही शकतो. ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच. आणि डायसल्फिरमचा असर गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणजे नणंदबाईंनी आधीच काही घातलं असेल आणि मिस्टर पिऊन लाल झाले, छातीला हात लावला, तर लाज न बाळगता डॉक्टरला खरं सांगा. पाकीट सोबत न्या.

एए प्रत्येकाला लागू पडतं असंही नाही. काहींना तिथली प्रार्थना रुचत नाही. काही जण पंढरपूरची माळ घालून सुटलेले मी पाहिलेत, काही नुसते डॉक्टरांकडे जाऊन. माळ घाला, मीटिंगला जा, काहीही करा, ज्याची दारू आहे त्याला माहीत असू द्या. तुमच्या मुलाबाळांत कोणी एमडी (मेफेड्रोन) वगैरे ड्रग्जमध्ये अडकलं असेल तर ही गोळी त्यावर कामाची नाही, तेही नणंदेला सांगून ठेवा. गुपचूप औषध घालणारी माणसं एका औषधावर थांबत नाहीत.

आणि तिने फारच आग्रह धरला तर एवढंच विचारा: पुडी घातल्यावर पहिला घास तू खाशील का?