पाच जणांच्या टीमला जिरा कशाला?

पाच जणांची टीम आहे, बग (सॉफ्टवेअरमधल्या चुका) नोंदवायला कुठला ट्रॅकर घ्यावा म्हणतोस, मग पहिल्याच दिवशी जिरा या ट्रॅकरच्या मागे लागू नकोस. जिरा वाईट नाही, पण वर्कफ्लो, परवानग्या, कस्टम फील्ड असा पसारा इतका की सांभाळायला एक माणूस वेगळा लागतो. (गंमत म्हणजे ते नाव गॉडझिलाच्या जपानी 'गोजिरा'वरून आलंय, १९९८ पासूनच्या बगझिला या ट्रॅकरला मारलेली कोपरखळीच.)

कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) असेल तर तिथलेच इश्यूज, म्हणजे बग आणि कामांच्या नोंदी, वापर. कमिटच्या (कोडमधल्या बदलाच्या नोंदीच्या) मेसेजमध्ये 'फिक्सेस' (Fixes) आणि पुढे हॅश (#) लावून इश्यूचा नंबर टाकलास, की बदल मुख्य ब्रँचमध्ये (कोडच्या मुख्य प्रतीत) गेल्यावर इश्यू आपोआप बंद होतो. सहा महिन्यांनी कुणी विचारलं, "ही ओळ का बदलली?", तर गिट ब्लेम ही कमांड ती ओळ बदलणारं कमिट दाखवते आणि कमिटवरून इश्यू सापडतो. बग आणि बदल यांची अशी गाठ बसणं बाकी पन्नास फीचरांपेक्षा मोलाचं. डेटा स्वतःच्या सर्व्हरवर हवा असेल तर रेडमाइन किंवा मँटिस हे ट्रॅकर बघ, दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत.

आमच्याकडे एकदा बगच्या फॉर्मात चौदा रकाने सक्तीचे होते. टेस्टर बिचारे कंटाळून व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट टाकायचे, ट्रॅकर ओस. तू चारच ठेव: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कुठल्या व्हर्जनवर.

आणि पैसे भरण्याआधी, कॉमेंट आणि जोडलेल्या फायलींसकट सगळा डेटा बाहेर काढता येतो का, ते ट्रायलमध्येच करून बघ. सेल्सवाल्याच्या शब्दावर जाऊ नकोस.