तोंडावर लाल टेप लावून लेक शाळेत जायचं म्हणते तेव्हा

"ताई, ईरा शाळेत अबॉर्शनच्या विरोधात प्रोटेस्ट करणारे, दिवसभर तोंडाला टेप लावून. निनाद म्हणतोय जाऊच द्यायचं नाही. मला तर काही सुचतच नाहीये." २०२३ च्या ऑक्टोबरात, नवरात्राच्या आदल्या आठवड्यात मला मीनलचा हा मेसेज आला. ईरा तिची मुलगी, निनाद नवरा. मी इथे अमेरिकेतल्या ओहायो राज्यात फॅमिली काउन्सेलिंग करते, माझ्याकडे येणाऱ्या घरांपैकी बरीचशी मराठी. नावं आणि काही तपशील बदललेत, आणि त्या तिघांना विचारूनच हे लिहितेय, कारण हाच प्रश्न थोड्याफार फरकाने मला वरचेवर विचारला जातो. मुलगा किंवा मुलगी शाळेत अशा कशाततरी उतरलीय जे आम्हाला पटत नाही, अडवायचं का?

आधी हा प्रोटेस्ट काय असतो ते सांगते. अमेरिकेत २००४ पासून दरवर्षी ऑक्टोबरात एक दिवस गर्भपाताला विरोध असलेली शाळा-कॉलेजातली मुलं मौन पाळतात. दंडावर लाल पट्टी किंवा तोंडावर लाल टेप, त्यावर काळ्या मार्करने 'लाइफ' लिहिलेलं, कोणी विचारलं तर बोलायचं नाही, छोटं छापील कार्ड हातात द्यायचं. जन्माला न आलेल्यांना आवाज नाही म्हणून आम्हीही बोलत नाही, असा त्यामागचा विचार. त्यात त्या वर्षी ओहायोत ७ नोव्हेंबरला गर्भपाताचा हक्क ओहायो राज्याच्या स्वतःच्या घटनेत घालायचा की नाही यावर मतदान होतं, गल्लीत एका अंगणात 'येस'ची पाटी तर शेजारी 'नो'ची, त्यामुळे शाळेतही वातावरण तापलेलंच होतं.

पहिल्या भेटीत निनाद एकटाच बोलत होता. शाळेने सस्पेंड केलं तर? कॉलेज ॲडमिशनला अडचण आली तर? आपण अजून ग्रीन कार्डच्या लायनीत, कशाला नसत्या भानगडी? आणि शेवटी खरं ते बाहेर आलं, "तिच्या मैत्रिणीच्या चर्चवाल्यांनी ब्रेनवॉश केलंय तिला."

सस्पेन्शनचं उत्तर सोपं होतं. १९६५ च्या डिसेंबरात आयोवातल्या डे मॉइन शहरात काही मुलं व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात काळ्या पट्ट्या बांधून शाळेत गेली, त्यांना घरी पाठवलं, त्यातली मेरी बेथ टिंकर तेव्हा १३ वर्षांची होती. केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९६९ मधे ७ विरुद्ध २ असा निकाल मुलांच्या बाजूने लागला. सरकारी शाळेत मूल शांतपणे मत दाखवत असेल आणि शिकवण्यात खरोखरचा अडथळा येत नसेल तर केवळ ते मत नकोसं आहे म्हणून शाळा त्याला गप्प करू शकत नाही. तोच निकाल लाल पट्टीवाल्यांच्या कामी येतो आणि त्यांच्या विरोधात बॅज लावणाऱ्यांच्याही. खासगी शाळेला मात्र हे लागू नाही, ते आधी बघून घ्या. आणि मौन म्हणजे वर्गातून सुट्टी नव्हे हो, टीचरने प्रश्न विचारला तर उत्तर द्यावं लागतं, म्हणून शिक्षकांना आदल्या दिवशी ईमेल करून ठेवलेलं बरं. इमिग्रेशनचं वकिलाला विचारा म्हटलं, पण ईरा इथे जन्मलेली, इथली नागरिक आहे, तिच्या दंडावरच्या पट्टीची एवढी धास्ती घेऊ नका.

हे सगळं चालू असताना मीनल एक शब्द बोलली नाही. हातातल्या टिश्यूच्या बारीक बारीक घड्या घालत बसली होती. मी तिला एकटीला बोलावलं.

ती आली, बसली, आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "माझं झालंय ताई. २००५ ला, सांगलीत." निनाद तेव्हा प्रोजेक्टवर इकडे, ती माहेरी. अठराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत कळलं की बाळाची कवटीच तयार झालेली नाही, ॲनेन्सेफली, म्हणजे ते जगणारच नव्हतं. तेव्हा भारतात कायद्याची मर्यादा २० आठवडे होती, हातात जेमतेम दीड-दोन आठवडे, निर्णय फोनवर झाला. नातेवाइकांना सांगितलं 'राहिलं नाही'. एका मावशीने मात्र स्वयंपाकघरात सगळ्यांदेखत 'पिशवी साफ केली ना' असं विचारलं, ते वाक्य मीनलच्या अजून कानात आहे. ईरा त्यानंतर दोन वर्षांनी झाली, आणि तिला यातलं काहीच माहीत नाही. "आता माझीच पोरगी तोंडाला टेप लावून माझ्या विरोधात उभी राहणार", इतकं म्हणून ती जे रडायला लागली ते बराच वेळ थांबली नाही, मीही थांबवलं नाही.

तिला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, ईराला सांगायचं की नाही हे तू ठरव, सांगितलंच पाहिजे असं काही नाही. दोन, सांगणार असशील तर त्या दिवसाच्या आधी नको, आणि भांडणात हुकमाचा एक्का म्हणून तर अजिबात नको. आईचं दुःख वाद जिंकायला वापरलं की मूल गप्प बसतं, पण पटलं म्हणून नाही, आपण आईला दुखावलं या अपराधीपणाने, आणि पुढे काही सांगायलाच येत नाही. हे मी अनेक घरांत बघितलंय, म्हणून इतक्या ठामपणे लिहितेय.

मग ईरा. सोळा वर्षांची, उंच, बॅकपॅक मांडीवर घेऊन बसली. पहिल्यांदा तिला सांगितलं की तू इथे जे बोलशील ते, तुझ्या जिवाला धोका असल्याशिवाय, आईबाबांपर्यंत जाणार नाही, आणि तुला प्रोटेस्टपासून परतवायला मी बसलेले नाही. तिने लगेच विचारलं, तुम्ही कुठल्या साइडच्या? मी खरं सांगितलं, मी 'येस'ला मत देणारे. खोटं बोलले असते तर तिने तिथेच ओळखलं असतं.

तिने बॅगेतून लाल टेपचं बंडल काढलं. नवं होतं, टोक नखाने उचकटायचा प्रयत्न केल्याच्या खुणा होत्या. मी विचारलं, हे तुझ्या डोक्यात पहिल्यांदा कधी आलं? मला वाटलं मैत्रीण, चर्च, व्हिडिओ असं काहीतरी निघेल. तर म्हणे सांगलीला. आजीला दवाखान्यात नेलं होतं तेव्हा भिंतीवर बोर्ड होता, मराठी शाळेत नुकतं वाचायला शिकलेली म्हणून तिने एकेक अक्षर लावत वाचला, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे'. आजीला अर्थ विचारला तर आजी म्हणाली, "पूर्वी मुली पोटातच मारायचे गं." नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात ते वाक्य घर करून बसलं. पुढे शाळेच्या प्रोजेक्टला तिने आकडे काढले, २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली, बीडमधे ८०७. "दीज आर माय गर्ल्स", असं म्हणाली ती.

निनादच्या ब्रेनवॉशच्या थिअरीत हे कुठेच नव्हतं. पोरीने तिच्या आजोळचंच दुःख इथल्या चळवळीच्या टेपला चिकटवलं होतं.

मी तिला दोन वेगळे कायदे समजावले, कारण आपल्याकडच्या मोठमोठ्या माणसांचाही इथे घोळ होतो. गर्भपात भारतात १९७१ च्या कायद्याने अटींसह परवानगी असलेला आहे, २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत नेली. बंदी आहे ती लिंग तपासून निवड करण्यावर, तो कायदा महाराष्ट्राने १९८८ मधे देशात सर्वात आधी केला आणि केंद्राचा १९९४ मधे आला. 'स्त्रीभ्रूणहत्या' या एका शब्दाने दोन्ही गोष्टींची सरमिसळ झाली, बोर्ड वाचणाऱ्याला वाटतं गर्भपातच गुन्हा आहे, आणि त्यापायी कितीतरी बायकांना कायद्यात बसणारी गोष्टसुद्धा चोरासारखी करावी लागते. मला याचा मनापासून राग येतो, आणि तो मी ईरासमोर लपवला नाही.

तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "ओके, पण मला तरीही वाटतं ते बाळ असतं." मी म्हटलं, वाटू दे. एवढंच विचारलं, तुझ्या शाळेच्या कॉरिडॉरमधे अशी एखादी मुलगी असेल जिच्यावर ही वेळ येऊन गेलीय, किंवा तिच्या आईवर, तिला तुझ्या तोंडावरची टेप कशी दिसेल? आईवर हा शब्द तोंडातून गेला आणि माझ्या पोटात धस्स झालं, वाटलं मीनलचं गुपित फुटतंय की काय. ईराने फक्त टेपचं बंडल हातात फिरवलं.

गेली ती. तोंडाला टेप नाही लावली, दंडावर पट्टी बांधली. निनादने सकाळी गाडीतून सोडलं, त्याच्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती. गणिताच्या तासाला टीचरने विचारलं तेव्हा उत्तर दिलं. लंचमधे एक मुलगी समोर येऊन ओरडली, "त्या दहा वर्षांच्या मुलीचं काय?" २०२२ च्या उन्हाळ्यात बलात्कार झालेल्या ओहायोतल्या एका १० वर्षांच्या मुलीला गर्भपातासाठी शेजारच्या इंडियाना राज्यात जावं लागलं होतं, इथल्या पोरांना ते तोंडपाठ आहे. ईराने कार्ड पुढे केलं, तिने ते फाडलं. घरी आली तेव्हा ईरा रडत होती, म्हणाली मला तिला सांगायचं होतं की मला त्या मुलीबद्दलही वाईट वाटतं, पण बोलायचंच नव्हतं ना.

मीनलने त्या दिवशी काही सांगितलं नाही. दसऱ्यानंतरच्या रविवारी दोघी लाडू वळत असताना सांगितलं. सगळं, मावशीच्या वाक्यासकट. ईरा बराच वेळ काही बोलली नाही. तिचं मत बदललं का हे मला माहीत नाही, मी विचारलेलंही नाही, दोघी पुढे काही महिने माझ्याकडे येत होत्या आणि त्या विषयावर त्यांचं अजूनही एकमत नाही एवढं खरं.

त्या रविवारी तिने आईला एकच विचारलं, "ती मुलगी होती का?"

मीनल म्हणाली, "मीही डॉक्टरांना हेच विचारलं होतं गं. निदान कोण होतं ते तरी कळू दे म्हणून. त्यांनी काही न बोलता भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं."