आधी गाणी बाहेर काढा, मग दुरुस्तीचं बोलू

खिशात मावणारे गाण्यांचे प्लेअर म्हणजे आयपॉड. त्यातला क्लासिक ॲपलनं २०१४ साली बंद केला, २०१७ साली नॅनो आणि शफल, आणि मे २०२२ मध्ये उरलेला टचही. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच आहे : ‘जुना प्लेअर बिघडलाय, दुरुस्त करू की नवा घेऊ?’ काय बिघडलंय, ते मात्र दहातले आठ जण लिहीत नाहीत. बॅटरी, हेडफोनचा जॅक आणि बटणं ही झिजणारी अंगं आहेत, ती बदलायचीच असतात. बोर्ड, म्हणजे आतली सर्किटची पाटी, किंवा डिस्प्ले गेला तर विचार करावा लागतो. आणि आतली गाणी दुसरीकडे कुठंच नसतील, तर हा प्रश्नच नंतरचा. या वेळी निवडक पत्रांना उत्तरं देतो.

प्रश्न : काल रात्रीपर्यंत वाजत होता, सकाळी चालूच होईना. मेला समजायचं का?

नाही. केबल बदला, चार्जर बदला, अर्धा तास लावून ठेवा, मग रीसेट करा. चाकाच्या आयपॉडवर ‘मेनू’ आणि मधलं बटण एकत्र सात-आठ सेकंद दाबून धरायचं. इतरांची रीत त्या-त्या माहितीपत्रकात असते. त्याआधी ‘होल्ड’ची, म्हणजे सगळी बटणं बंद करणारी, कळ सरकलेली नाही ना, तेही पाहा. हसू नका, मी स्वतः एकदा होल्ड न पाहता प्लेअर उघडून बसलो होतो.

घाई का नको, त्याचा एक दाखला. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून प्लेअर एकाच दिवशी गोठले. आतल्या घड्याळाच्या प्रोग्रॅमला लीप वर्षाचा ३६६वा दिवस हाताळता येत नव्हता. उपाय काय, तर बॅटरी पूर्ण उतरू द्या, तारीख बदलू द्या आणि परत चार्ज करा. त्या दिवशी कुणी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला असता, तर धडधाकट यंत्र खोलून बसला असता. तुमच्या प्लेअरला दोन दिवसांत जाग आली नाही, तर मात्र तंत्रज्ञाला दाखवा.

प्रश्न : एकाच कानात आवाज येतो. प्लेअर बदलावा का?

आधी हेडफोन बदलून पाहा.

दुसऱ्या हेडफोनलाही तेच झालं, तर जॅकच्या भोकात टॉर्च मारा. खिशातला कापूस तळाशी गच्च बसलेला असतो, त्यामुळे पिन पूर्ण आत जात नाही. प्लेअर बंद करून लाकडी टूथपिकनं हलकेच काढा. सुई, टाचणी नको. पिन हलवली की आवाज येतो-जातो, असं असेल तर ड्राय सोल्डर आहे. जॅकच्या टाक्याला तडा गेलाय, डाख पुन्हा द्यावा लागेल. अजून एक खूण सांगतो : गायकाचा आवाज गायब आणि मागची वाद्यं मात्र विहिरीत घुमल्यासारखी ऐकू येतात, असं झालं तर ग्राउंडचा, म्हणजे दोन्ही कानांच्या सामायिक तारेचा, संपर्क सुटलाय. डाव्या-उजव्या बाजूंत जे समान असतं ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि गायक नेमका मध्यभागी असतो. दुरुस्तीवाल्याला हे एवढं वर्णन करून सांगा, त्याची अर्धी तपासणी वाचेल. यासाठी प्लेअर बदलायची गरज नाही.

प्रश्न : प्लेअरची मागची बाजू किंचित उचलली गेलीय आणि स्क्रीनवर पिवळसर डाग आलाय. पण वाजतो छान. चालतोय तोवर वापरला तर चालेल ना?

नाही चालणार. हे पत्र वाचत असाल तर आधी चार्जर काढा, पुढचं नंतर वाचा.

कव्हर आपोआप उचललं जात नाही, आतली लिथियमची बॅटरी फुगून ते ढकलत असते. स्क्रीनवरचा डाग म्हणजे मागून पडलेला दाब. बॅटरी जुनी झाली, जास्त तापली, किंवा वर्षभर रिकामी पडून राहिल्यावर जबरदस्तीनं चार्ज केली, की आतलं द्रव्य फुटून वायू तयार होतो. त्या सेलला धातूचा डबा नसतो, नुसती पातळ चंदेरी पिशवी असते. वायूला जायला वाट नाही, म्हणून ती फुगते. आत एकमेकांना चिकटू नयेत असे दोन थर आहेत आणि मध्ये कागदाहून पातळ पडदा. तो फाटला की आग. ती साध्या फुंकरीनं विझणारी नसते.

एक प्लेअर माझ्याकडे चक्क दोन रबरबँड लावून आला होता. ‘कव्हर उघडं राहतं म्हणून बांधून ठेवलं.’ किती दिवस? ‘सहा महिने.’ रबरबँड कापल्याबरोबर मागची बाजू स्वतःहून वर आली. पिशवी लोडासारखी टम्म आणि वास गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरच्या जातीचा. तो वास आला की मी खिडकी उघडतो आणि हातातलं काम बाजूला ठेवतो. गृहस्थ तो प्लेअर उशाशी ठेवून झोपत होते.

तेव्हा दाबून बसवू नका. टाचणीनं हवा काढू नका. असं करायला सांगणारे व्हिडिओ कुणी बनवले असतील, त्यांना मी उत्तर देणार नाही. चार्ज करू नका, गाणी उतरवायचा मोह टाळा, कारण केबल लावली की चार्जिंग सुरू होतं. प्लेअर बंद करा, कागद-कापडापासून लांब, फरशीवर किंवा धातूच्या उघड्या भांड्यात ठेवा आणि त्याच आठवड्यात बॅटरी काढून घ्या. स्वतः नाही, रोज हे काम करणाऱ्याकडून. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, कारण कचरागाडीत ती चेपली जाते. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

नवी बॅटरी बसवताना फसवणूकही होते. मूळच्याच आकाराच्या पिशवीवर दुप्पट एमएएच, म्हणजे दुप्पट क्षमतेचा आकडा, छापलेले असतात. तेवढ्या जागेत तेवढाच माल मावतो, आकडा छापायला शाई लागते फक्त. माप, जोडणी आणि आत संरक्षक सर्किट आहे की नाही, हे विचारा. पुढं प्लेअर वापरणार नसाल, तर साधारण निम्मा चार्ज करून ठेवा आणि काही महिन्यांनी पाहत जा. पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून कपाटात टाकलेला प्लेअर म्हणजे माझ्याकडे येणारं पुढचं पत्र.

आणि पैसे मोजण्याआधी कंपनीनं तो मॉडेल परत मागवला होता का, ते बघा. पहिल्या पिढीचा आयपॉड नॅनो, म्हणजे सप्टेंबर २००५ ते डिसेंबर २००६ दरम्यान विकलेला, बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे नोव्हेंबर २०११ मध्ये बदलून देण्याचं ॲपलनं जाहीर केलं होतं. कपाटात तो अजून असेल, तर आधी कंपनीला विचारा, तोवर चालू करू नका.

तर दुरुस्त की नवा? बॅटरीपुरताच दोष असेल तर दुरुस्त. पण ‘चालतोय तोवर’ हा तिसरा पर्याय इथं नाही.

प्रश्न : जुना हार्ड डिस्कवाला प्लेअर टकटक आवाज करतो. फ्रीजरमध्ये ठेवला की चालतो म्हणे?

म्हणे. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, ते कुणी म्हणत नाही.

टकटक म्हणजे डिस्कचं डोकं जागा शोधतंय आणि सापडत नाहीये. आपटून, हलवून पाहू नका. गाणी उघडत असतील तर आत्ता, या क्षणी उतरवून घ्या. हवीच असलेली एकमेव प्रत त्यात असेल आणि उघडत नसेल, तर परत चालूसुद्धा करू नका, माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्या. गाणी सुरक्षित असली की मात्र मजा आहे : त्या १.८ इंची डिस्कच्या जागी अडॅप्टर लावून मेमरी कार्ड बसवता येतं. प्लेअर हलका होतो, बॅटरी जास्त टिकते, पडला तरी डिस्कची भीती नाही. आपल्या मॉडेलला कोणता अडॅप्टर लागतो, ते बसवणाऱ्याला विचारूनच घ्या.

प्रश्न : पाण्यात पडला. तांदळात ठेवलाय, तिसरा दिवस आहे.

तीन दिवस वाया. तांदूळ बोर्डावरचे क्षार काढत नाही आणि खरं नुकसान गंजानं होतं. चालू करून बघू नका, हेअर ड्रायर नको, आजच उघडून साफ करून घ्या.

प्रश्न : दुकानदार न उघडताच म्हणाला, ‘बोर्ड गेला, यापेक्षा हा १ टीबीचा नवा घ्या, स्वस्तात देतो.’ काय करू?

न उघडता, वीज मोजणारा मल्टिमीटर न लावता बोर्ड गेल्याचं ज्याला कळतं, त्याला माझा नमस्कार. दुसरीकडे दाखवा, दोष लेखी मागा, आणि भाग बदलला तर जुना भाग परत मागा. दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या प्लेअरच्या निम्म्याहून वर गेला आणि त्या वस्तूत जीव अडकलेला नसेल, तर बदला.

पण स्वस्तातला १ टीबी नको. आत लहान चिप असते आणि तिचा कारभार पाहणाऱ्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. जागा संपली की तो फाइलींची नावं दाखवत राहतो, गाणी मात्र कुठेच साठवलेली नसतात, नाही तर आधीची पुसली गेलेली असतात. घेतलाच असेल, तर परत करायची मुदत संपण्याआधी काठोकाठ भरा आणि शेवटी टाकलेली गाणी आणि सुरुवातीची, दोन्ही वाजवून पाहा.

प्रश्न : कॅसेटचा वॉकमन आहे. मोटर फिरल्याचा आवाज येतो, टेप हलत नाही. आजीच्या आवाजाची एक कॅसेट ऐकायची आहे.

बेल्ट गेलाय. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ सालचा, आणि त्या काळापासून यंत्र बदललं तरी रबराचा स्वभाव तोच : कडक होतं, ढिलं पडतं, नाही तर वितळून काळ्या गुळासारखं पुलीला चिकटतं. तो चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा, मापाचा बेल्ट टाकायचा, टेप वाचणारं हेड आणि रबरी रोलर साफ करायचा. जुनी यंत्रं खोलणारा माणूस शोधा, हे काम त्याच्यासाठी अर्ध्या तासाचं आहे. दुरुस्त कराच.

मात्र दुरुस्तीनंतर पहिली कॅसेट आजीची लावू नका. फेकायला हरकत नाही अशी एखादी दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवा, टेप गुंतत नाही याची खात्री करा. आजीची कॅसेट संगणकावर उतरवायला कुणाला देणार असाल, तर देण्याआधी तिच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे दात मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबायला गेलं, तरी ते खाली जाणार नाही.