प्राण्यांच्या ॲक्युपंक्चरचा ॲडव्हान्स्ड कोर्स करायला फ्लोरिडाला जावं का?

तुम्ही लिहिलंय की प्राथमिक कोर्स झालाय, पुण्यात कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस आहे, आणि 'डॉ. कोटणीसांनी आणलेली ही विद्या' पुढे शिकायला फ्लोरिडाला जावं का, पैसे वसूल होतील का.

शंभरेक पेशंटना स्वतःच्या हाताने सुया लावल्या नसतील तर आत्ता जाऊ नका. लावल्या असतील तर जरूर जा. फक्त भिंतीवरच्या सर्टिफिकेटसाठी जाऊ नका, बोटांसाठी जा.

मी मुंबईत परळच्या व्हेटर्नरी कॉलेजची. न्यू जर्सीत लायसन्स मिळाल्यावर पहिल्या नोकरीत एक सिनिअर सर्जन होते. हात सोन्याचा, जीभ मात्र तिखट. माझा प्राथमिक कोर्स नुकताच संपला होता. एका सकाळी एक म्हातारे गृहस्थ सात वर्षांचा डॅशुंड टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. निवृत्त बस ड्रायव्हर, घरी हे दोघंच. कुत्र्याला खाली ठेवला तर तो पुढच्या पायांवर अंग ओढत निघाला आणि मागची नखं फरशीवर खर्र खर्र घासत गेली. मणक्यांमधली गादी सरकलेली, उघडच होतं. मी आर्टरी फोर्सेप्सच्या चिमट्याने मागच्या पायाचं बोट चिमटलं. पाय आखडला, आणि त्याने मान वळवून माझ्या हाताकडे बघून कुंई केलं. ते वळून बघणं मोलाचं. नुसता पाय आखडणं हा रिफ्लेक्स असतो, त्यावर कधीही विसंबू नका. डीप पेन, म्हणजे खोलवरची वेदना मेंदूपर्यंत पोचणं, शाबूत होतं.

ऑपरेशनचा आकडा ऐकल्यावर त्या गृहस्थांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "मग कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यायचं का त्याला?" मी म्हटलं, मला आधी प्रयत्न करू द्या. सर्जन सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "सुया टोचून गादी जागेवर जाते का?"

नाही जात. मी तसं म्हटलंही नव्हतं.

आठवड्यातून दोनदा त्यांना बोलावलं, घरी पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती. कमरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधल्या खळग्यात बाय हुई हा पॉइंट, दुखऱ्या जागेच्या पुढे-मागे कण्याच्या दोन्ही बाजूंना सुया, गुडघ्याखाली स्टमक ३६ हा पॉइंट, आणि कण्याजवळच्या सुयांना विजेची जोडणी. चौथ्या खेपेला सुई आत जाताना स्नायूने ती धरून ठेवलेली पहिल्यांदा बोटाला कळली. कुत्र्याने मोठा सुस्कारा टाकला आणि हनुवटी माझ्या मनगटावर टेकली. पाचव्या आठवड्यात तो झोकांड्या खात का होईना, चार पायांवर दारापर्यंत गेला. सर्जन म्हणाले, "विश्रांतीनेच झाला असता."

हे वाक्य मला अजून बोचतं, कारण त्यात तथ्य आहे. त्याचं पुढे सांगते.

त्यानंतर वर्षभर पैसे साठवून मी रेडिकला गेले. फ्लोरिडात ओकालाजवळ, चहूकडे घोड्यांची कुरणं. डॉ. हुइशेंग श्ये यांनी १९९८ साली तिथे ची इन्स्टिट्यूट काढली, आज तीच ची युनिव्हर्सिटी. ॲडव्हान्स्ड म्हणजे आणखी पन्नास पॉइंट पाठ करणं, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात पहिले तास पाठीवरून बोट फिरवण्यात गेले. कुठे ऊन लागतं, कुठे गार, कुठे कातडी थरथरते, कुठे घोडा कान मागे टाकतो. डॅशुंडला मी पॉइंटांच्या तक्त्यात बघून सुया लावल्या होत्या. तिथून परतल्यावर तक्ता नुसता पडताळायला राहिला.

आणि तक्त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका, हे प्राथमिक कोर्सात कोणी धड सांगत नाही. माणसाला बरगड्यांच्या बारा जोड्या, कुत्र्याला तेरा, घोड्याला अठरा. घोड्याला पित्ताशयच नसतं, तरी तक्त्यात त्याच्या अंगावर पित्ताशयाच्या पॉइंटांची रेषा काढलेली असते. कारण यातले पुष्कळ पॉइंट माणसावरून प्राण्यावर उतरवलेत, आणि तेही विसाव्या शतकात. चीनचं जुनं अश्ववैद्यक वेगळं आहे. यू बंधूंचा 'युआन हेंग ल्याओ मा जी' हा १६०८ चा ग्रंथ पाहा, त्यातले पॉइंट थेट घोड्याच्या अंगावरून शोधलेले. शिक्षकाला हा फरक विचारा. जो चिडेल त्याच्याकडे पैसे भरू नका.

कोटणीसांचं म्हणाल, तर सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस शल्यचिकित्सक होते. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ॲक्युपंक्चर शिकून १९५९ साली भारतात आणलं ते त्यांच्याच पथकातल्या कोलकात्याच्या डॉ. विजयकुमार बसूंनी. कोटणीसांचं मोठेपण यानं कमी होत नाही, पण श्रेय ज्याचं त्याला द्यावं.

आता सर्जनसाहेबांचं. डीप पेन असलेले बरेच कुत्रे निव्वळ विश्रांतीवर चालू लागतात, हे खरंच आहे. एका डॅशुंडवरून काही सिद्ध होत नाही. ब्राझीलमधला २०१० चा ४० कुत्र्यांचा अभ्यास मी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला होता. विजेच्या सुया लावलेल्या १९ पैकी १५ सुधारले, नुसत्या ऑपरेशनचे १० पैकी ४. पण संख्या थोडी, आणि कुणाला कुठला उपचार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. आज मी तो कागद इतक्या तोऱ्यात ठेवणार नाही. २००६ च्या पद्धतशीर आढाव्यातही प्राण्यांमधल्या ॲक्युपंक्चरला ठोस पुरावा सापडला नव्हता, तोही वाचून जा.

पण त्यांना एक उत्तर द्यायचं माझं राहून गेलं. "विश्रांती द्या" म्हणून घरी पाठवलेला पेशंट तीन आठवड्यांनी दिसतो. माझा पेशंट दर तीन-चार दिवसांनी टेबलावर होता. दर खेपेला मी त्याची बोटं चिमटून बघत होते. तो ज्या दिवशी वळून बघायचा थांबला असता, त्या दिवशी मी स्वतः त्याला ऑपरेशनला नेला असता, पैशांचं काहीही झालं तरी. तुम्हीही हे पाळा. डीप पेन गेलेला पेशंट सर्जनचा, त्याला सुया लावत बसलात तर पाप तुमच्या माथी. कोर्समध्ये 'चिनी निदान' शिकलात म्हणून एक्स-रे आणि रक्ततपासणी सोडू नका.

पैशांचं म्हणाल तर माझी फी वसूल व्हायला तीन वर्षं लागली, तीही डॉलरमध्ये कमावून. रुपयांत हिशेब तुम्हीच करा. इंटर्नशिपचे तास आणि केस रिपोर्ट द्यावे लागतात, तेव्हा आजपासून प्रत्येक पेशंटचा चालतानाचा व्हिडिओ काढून तारीख घालून ठेवा. त्या डॅशुंडचा पहिल्या दिवसाचा व्हिडिओ माझ्याकडे नाही.