दोघांनी घर फोडलं तर तो दरोडा होतो का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचक ताईंनी विचारलंय : शेजारच्या बंद घराचं कुलूप तोडून दोघांनी दागिने नेले. गावात जो तो 'दरोडा पडला' म्हणतोय, पोलिसांच्या कन्नड कागदावर मात्र 'कळ्ळतन', म्हणजे चोरी, आहे. खरं काय धरायचं?

कागद खरा धरा. कायद्यात पाच किंवा त्याहून जास्त जणांनी मिळून जबरीनं लुटलं तरच दरोडा. आधी ते दंडसंहितेचं कलम ३९१ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१०. माणसं पाचाहून कमी, पण मारहाण झाली किंवा सुरी दाखवली, तर ती जबरी चोरी. घरात कुणी नसताना कुलूप तोडलं ती घरफोडी. तिला कन्नडमध्ये 'मनेगळ्ळतन' असा नेमका शब्द आहे. 'दरोडे' कन्नडमध्येही चालतो, आणि बोलताना दोन्हीकडं माणसं मोजत कोण बसतंय? गाव घाबरलं की तोंडात दरोडाच येतो. बोलण्यात राहू दे, पण अर्जात घरफोडी लिहा.

चोरीच्या तऱ्हा मराठीनं बारकाईनं टिपल्यात. बाजारात गंठण हिसकावतात, बसमध्ये पाकीट मारतात, दुकानातली वस्तू लांबवतात. मळ्यातल्या मोटारीची केबल तांब्यासाठी कापून नेतो तो भुरटा. 'उचल्या' आणि 'भामटा' हे शब्द मात्र मी वापरत नाही. ही माणसांच्या जमातींची नावं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण बातमीत 'भामट्यानं डल्ला मारला' अजून छापून येतं. पोटासाठी एकानं हात मारला म्हणून त्याच्या नातवंडांनाही ते नाव चिकटावं, हे मला सहन होत नाही.

आता दुसरी बाजू बघा. शेजाऱ्याच्या शेतात दरवर्षी वीतभर सरकतो, त्याला आपण म्हणतो 'बांध कोरला'. विजेच्या तारेवरून फुकट करंट घेतला की 'आकडा टाकला'. उसाच्या वजनात मारलं की 'काटामारी'. हा शब्द चिकोडी-निपाणीकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. बारा-चौदा महिने पाणी पाजून वाढवलेला ऊस, ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर चढते, आकडा दिसतो, पावती हातात पडते. संशय आला तरी ऊस तासातासाला वाळत असतो, मागं पाळी लागलेली असते, तेवढ्यात ट्रॉली फिरवून दुसऱ्या काट्यावर कोण नेणार? म्हणून जाणते शेतकरी वाटेतच बाहेरच्या काट्यावर वजन करून घेतात. एवढं होऊनही काटा मारणाऱ्याला तोंडावर 'चोर' कुणी म्हणत नाही. आणि पतसंस्थेतल्या ठेवी खाल्ल्या तर? 'अफरातफर'. तेही जड वाटलं तर 'गैरव्यवहार', जणू हिशेबात बेरीज चुकली.

कायदा इथं भाषेपेक्षा कडक आहे. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं. पहिलाच गुन्हा असेल, माल पाच हजारांच्या आतला असेल आणि तो परत केला, तर समाजसेवेवर भागतं. सोपवलेला पैसा खाल्ला तर पाच वर्षं, आणि बँकवाल्यानं किंवा सरकारी नोकरानं खाल्ला तर जन्मठेपेपर्यंत. कारण कुलूप तोडणाऱ्यावर आपण भरवसा ठेवलेला नसतो, किल्ली दिलेल्या माणसावर ठेवलेला असतो.

माणूस चोरी का करतो, असंही ताईंनी शेवटी विचारलंय. गरज असते, मोह असतो, सवय असते, हे आहेच. पण माझ्या मते मोठ्या चोरीमागं एक खात्रीही असते, की आपल्याला चोर म्हणणार नाहीत, फार तर 'हात ओले केले' म्हणतील. ती खात्री आपल्याच बोलण्यातून मिळते. म्हणून संस्थेच्या सभेत उभं राहून बोलायची वेळ आली तर 'गैरव्यवहार' म्हणू नका. कागदावर 'अपहार' लिहा, आणि तोंडानं 'चोरी' म्हणा.