उंदीर पडू लागले की घर का सोडत?

प्रश्न : गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या कुळागराला (सुपारीच्या बागायतीला) लागून असलेल्या जुन्या कोठारात अलीकडेच तीन उंदीर मरून पडलेले दिसले. ‘उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपड्या घालायच्या,’ असे माझी आजी प्लेगच्या आठवणीत सांगत असे. साथ ओसरल्यावर हा रोग जातो कुठे? आमच्याकडील माकडतापाशी त्याचे काही नाते आहे काय?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : आपल्या आजींचे सांगणे शास्त्राला धरूनच होते. प्लेगाच्या बाबतीत जिवंत उंदरापेक्षा नुकताच मेलेला उंदीर अधिक धोक्याचा, कारण त्याचे अंग थंड पडू लागताच केसांतील पिसवा बाहेर पडतात आणि दुसरे ऊबदार अंग शोधतात. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत पिसूकडे बोट दाखवले, तेव्हा त्यांचे म्हणणे फारसे कोणी मानले नाही. पुढे मुंबईत प्लेग आयोगाने उंदीर पडलेल्या घरांत गिनीपिगांचे पिंजरे ठेवले; जमिनीलगतचे प्राणी आजारी पडले, पण पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले वाचले.

पिसूच्या पोटात काय घडते, हे १९१४ साली बॅकॉट आणि मार्टिन या शास्त्रज्ञांनी उलगडले. तिच्या जठराच्या तोंडाशी बारीक काट्यांची एक झडप असते. प्लेगाचे जंतू तिथे वाढून चिकट गोळा तयार होतो आणि वाट बंद होते. शोषलेले रक्त पोटात उतरत नाही, म्हणून भुकेलेली पिसू पुन्हापुन्हा चावते, आणि झडपेला अडून मागे फिरलेले रक्त जंतूंसह चावलेल्या जागी परत जाते. उष्णता फार वाढली की हा गोळा नीट टिकत नाही. कडक उन्हाळ्यात उत्तर हिंदुस्थानातील साथी ओसरत, त्याचे हे एक कारण मानले जाते.

घरातला उंदीर मात्र या रोगाचा कायमचा आसरा नव्हे. तो त्याला चटकन बळी पडतो. साथीनंतर प्लेग रानातल्या बिळांत राहतो. आपल्या देशात त्याचा मुख्य वाहक म्हणजे टॅटेरा इंडिका हा जरबिल, म्हणजे उंदरासारखा एक रानटी प्राणी, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असलेला, कोरड्या माळावर आणि शेतांत बिळे करणारा. त्याच्यात रोगाला तोंड देण्याची बरीच ताकद असल्याने जंतू त्याच्यात आणि त्याच्या पिसवांत फारसा गाजावाजा न करता फिरत राहतात. शेताच्या बांधावर जरबिल आणि गावातले उंदीर एकत्र आले, की पिसवांची अदलाबदल होते. कझाकस्तानातील मोठे जरबिल, मंगोलियातील मार्मोट आणि अमेरिकेतील प्रेअरी डॉग (हे दोन्ही खारीच्या कुळातले, बिळात राहणारे प्राणी) यांच्या वस्त्यांतही हाच रोग फिरतो. मात्र प्रेअरी डॉगांत तो शिरला की वसाहतीच्या वसाहती ओस पडतात.

रान आणि घर यांतले अंतर कसे मिटते, याची उदाहरणे आपल्याच देशातील आहेत. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात लोक धास्तीने घरे सोडून बाहेर राहिले, मागे धान्य उरले आणि उंदीर माजले; १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगाची लागण दिसली. २००२ साली शिमला जिल्ह्यात पहिला रुग्ण रानमांजर मारून सोलणारा शिकारी होता. तिथे लागणीला पिसूचीही गरज पडली नसावी.

माकडताप मात्र निराळा रोग आहे. तो विषाणूमुळे होतो, १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर रानात ओळखला गेला आणि गोचिडीच्या चाव्याने पसरतो. प्लेग जंतूंचा असल्याने वेळेवर दिलेल्या प्रतिजैविकांनी बरा होतो. माकडतापावर तसे औषध नाही. साम्य एवढेच, की मेलेले माकड काय किंवा मेलेला उंदीर काय, दोन्ही रानातून आलेले निरोप आहेत.

तीन उंदीर मेले म्हणजे प्लेगच, असे मानण्याचे कारण नाही. विषाने किंवा अन्य आजारानेही उंदीर मरतात. तरीही मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका आणि जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. उंदीर एकाएकी पडू लागले असतील, तर उंदीर मारण्याचे विष घालण्याआधी बिळांच्या तोंडाशी पिसवा मारणारी पूड टाकून घ्या, नाहीतर बेघर झालेल्या पिसवा घरातल्या माणसांकडे वळतील. त्या दिवसांत कोणाला जोराचा ताप येऊन जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली, तर डॉक्टरांना उंदरांची गोष्ट आवर्जून सांगा.