गुलाबी मनोऱ्याची पंचवटी एक्स्प्रेस

*ताई, आम्ही दोघी जावा मिळून मखमलाबाद रोडला आमच्याच बंगल्याच्या तळमजल्यावर बालवर्ग चालवतो. मुलं २२, वयं तीन ते सहा. जाऊबाईंनी मॉन्टेसरीचा कोर्स केलाय, वर्ग मूळचा त्यांचाच. मला मात्र वॉल्डॉर्फ पद्धतीनं वेड लावलंय. गोष्टी, गाणी, माती, मोकळा खेळ. अंगणही चांगलं मोठं आहे. पण मी काही सुचवलं की जाऊबाई म्हणतात, "खिचडी करू नकोस." परवा एका मुलानं गुलाबी मनोऱ्याचे, म्हणजे मॉन्टेसरीच्या एका साधनाचे, ठोकळे ओळीनं लावून पंचवटी एक्स्प्रेस केली. जाऊबाईंनी शांतपणे गाडी मोडून ठोकळे जागेवर ठेवले. मुलगा रडला नाही, पण मला रात्रभर झोप नाही. त्या बँकेत गेल्या की मी मुलांना चोरून राक्षसाच्या गोष्टी सांगते. वर पालक विचारतात, वहीत काहीच कसं नाही? दुसरीकडची मुलं पन्नासपर्यंत लिहितात. आणि एक मुलगा सध्या चावतो, त्याला मदतनीस मावशी बागुलबुवाची भीती घालतात. सण एकत्र, स्वयंपाक एकत्र, त्यामुळे धड भांडताही येत नाही. वेगळा वर्ग काढू का?*
*— धाकटी जाऊ, नाशिक*

प्रिय धाकटी,

वेगळा वर्ग काढू नकोस. निदान या कारणासाठी तरी नको.

आधी गाडीचं बघू. जाऊबाईंचं चुकलं असं मला वाटत नाही. गुलाबी मनोऱ्यात १० घन असतात, सगळ्यात लहान १ सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा १० सेंटिमीटरचा, आणि प्रत्येक घन आधीच्यापेक्षा बरोबर एका सेंटिमीटरनं मोठा. हा फरक मुलाच्या हाताला कळावा, आणि चुकलं तर बाईंनी न सांगता मनोऱ्याकडे बघून त्याचं त्यालाच उमगावं, एवढ्यासाठी तो इतका मापात घडवलेला असतो. त्याचे डबे करून फरशीवर ओढले, टवके उडाले, लहानगा घन कपाटाखाली गेला, की साधन निकामी.

पण त्या मुलाला गाडी करावीशी वाटली हेही तितकंच खरं, आणि मोडल्यानंतर त्याच्यापुढे दुसरं काही आलं नाही, ही उणीव राहिली. सुताराकडून सागाचे, आंब्याचे उरलेले तुकडे आण. कडा पॉलिश पेपरनं घासून घे, रंग देऊ नकोस, दोन टोपल्या भरून व्हरांड्यात ठेव. व्हरांड्यातल्या लाकडाचं काहीही होऊ दे, गाडी, गोठा, धरण. मनोरा खोलीत, लाकूड बाहेर, एवढा एकच नियम. मुलांना असे नियम मोठ्यांपेक्षा लवकर कळतात.

आता खिचडीचं. जाऊबाईंची भीती उगाच नाही. फ्लेक्सवर तीन-चार परदेशी पद्धतींची नावं एकाखाली एक आणि आत तीच प्लास्टिकची घसरगुंडी, हे तूही पाहिलं असशील. पण मला वाटतं, मिसळण बिघडते ती वस्तूंमुळे कमी आणि वेळापत्रकामुळे जास्त. मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीचा प्राण सलग वेळेत आहे. मूल स्वतः काम निवडतं, आधी इकडेतिकडे करतं, मग कुठेतरी रमतं, आणि ते रमणं खरं. त्यांच्या मते यासाठी सुमारे तीन तास न मोडलेले हवेत. तू वीस मिनिटांनी टाळी वाजवून सगळ्यांना गोलात गाण्याला बसवलंस तर ते काम गेलंच, आणि वॉल्डॉर्फमधली जी संथ लय तुला आवडते तीही गेली.

म्हणून एका वेळी एकाचंच राज्य ठेवा. वर्ग साडेनऊ ते एक असेल तर पुरते तीन तास बसणार नाहीत, पण पहिले पावणेदोन तास तरी सलग खोलीत जाऊबाईंचे. त्या वेळात गाणं नाही, गोल नाही, तूसुद्धा खाली बसून नुसतं बघायचं. मग डबा. मग अंगण तुझं, आणि तिथे कोणी काय करावं हे जाऊबाईंनी सांगायचं नाही. शेवटची वीस मिनिटं गोष्ट. ऋतूप्रमाणे क्रम फिरवा. पौषात निफाडची थंडी शहरात उतरते तेव्हा अंगण उशिरा घ्या. चैत्रात मात्र आल्याबरोबर अंगण, अकरानंतर खोली.

ही सरमिसळ आपल्याकडे नवी नाही, हे जाऊबाईंना नक्की सांग. गिजुभाई बधेका वकिली सोडून शिक्षणात आले, १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. मॉन्टेसरीचे पक्के अनुयायी, पण गोष्टी, गाणी, नाटकं यांना त्यांनी मध्यभागी बसवलं आणि मुलांसाठी ढीगभर गोष्टी लिहिल्या. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि नंतर अनुताई वाघांच्या साथीनं डहाणूजवळच्या कोसबाडला. तिथे महागडी साधनं परवडणारी नव्हतीच. बिया, शिंपले, पानं, माती यांचीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात तर वर्ग त्यांच्या वस्तीतल्या अंगणात भरवला, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. तू परदेशी पुस्तकात जे शोधतेयस त्यातलं बरंच आपल्या शेजारच्या जिल्ह्यात या दोघी करून गेल्या. (आणखी एक. मॉन्टेसरीचं पहिलं बालघर १९०७ मध्ये रोमच्या कष्टकरी वस्तीत निघालं, वॉल्डॉर्फची पहिली शाळा १९१९ मध्ये श्टुटगार्टला सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. आज या दोन्ही नावांखालच्या फिया बघता सातपूर-अंबडच्या कामगाराला दारातूनच परतावं लागेल. तुमची फी किती ते तू लिहिलं नाहीस, पण दोनेक जागा कमी फीच्या ठेवता आल्या तर बघा.)

राक्षसाच्या गोष्टींबद्दल मात्र तुला बोल लावणार आहे. चोरून सांगणं बंद कर. बावीस मुलांच्या पोटात गुपित राहत नाही, एखाद दिवशी जाऊबाईंना ते एखाद्या आईकडून कळेल आणि मग गोष्ट बाजूला राहून विश्वासाचाच प्रश्न होईल. शिवाय त्यांच्या हट्टामागे विचार आहे. लहान वयात खरं आणि कल्पनेतलं वेगळं करता येत नाही, म्हणून आधी खऱ्या जगाची ओळख, असं मॉन्टेसरीबाईंचं म्हणणं. मी स्वतः ते सगळं मानत नाही, पण तीन वर्षांच्या मुलाला राक्षसाची भीती वाटते यात शंका नाही. तेव्हा तीन-चार वर्षांच्यांना चिऊ-काऊ, भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी. राक्षस पाच वर्षांच्या पुढच्यांना, तोही शेवटी हरणारा. जाऊबाईंना म्हण, एक महिना माझ्या गोष्टीच्या वेळी तुम्ही मागे बसा. त्या बसतील असं मला वाटतं.

अंगणाबद्दल लिहावं तेवढं थोडं. वॉल्डॉर्फच्या पुस्तकात ऋतूंचं टेबल मांडायला सांगतात, ते वाचून कोणी प्लास्टिकची मेपलची पानं मागवतं. तू तसं करू नकोस. तुझ्या टेबलावर श्रावणात आघाडा आणि दूर्वा, पोळ्याला मुलांनी काळ्या मातीचे केलेले ओबडधोबड बैल, अश्विनात हादग्याची फुलं, माघात द्राक्षाचा एखादा घड. नदीला पूर आला की सगळं नाशिक विचारतं, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं? पुरात मुलांना घाटावर अजिबात नेऊ नका, पेपरातला फोटो भिंतीवर लावा. मग मुलं आपापल्या अंगावर मोजतील, गुडघ्याला, कमरेला, छातीला. याहून चांगलं मोजमाप मला सुचत नाही, आणि त्याला वही लागत नाही.

काही सावधगिरी. बिया गोळा करताना गुंज घेऊ नका, दिसायला कितीही गोजिरी असली तरी विषारी आहे. एरंड आणि कण्हेरही तशीच, अंगणात कण्हेर असेल तर उपटून टाका. लहान बिया तीन वर्षांची मुलं नाकात-कानात घालतात, म्हणून चिंचोके मोठ्यांच्या टोपलीत. बाग बघायला मुलांना नेणार असाल तर बागाईतदाराला आधी विचारा फवारणी कधी झाली, आणि न धुतलेलं द्राक्ष कोणाच्या तोंडात जाऊ देऊ नका. लहानग्यांना तर द्राक्ष उभं चिरूनच द्या, अख्खं घशात अडकतं.

आता वही. इथे तुम्हा दोघींचं आपसांत ठरलेलं नाही, म्हणून पालक दोघींना वेगवेगळं विचारतात. वॉल्डॉर्फमध्ये सातव्या वर्षापर्यंत अक्षरं नाहीत, मॉन्टेसरीत मूल चौथ्या वर्षीच खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवतं. मध्य काढता येणार नाही, ठरवावं लागेल. माझं मत जाऊबाईंकडे झुकतं. अक्षरं मांडणीवर असावीत, घरच्या भाषेतली आधी. ज्याला हवीत त्यानं घ्यावीत, आणि सहा वर्षांचा होईपर्यंत ज्याला नकोत त्याला कोणी हाक मारू नये. अक्षर मागणाऱ्या मुलाला "तुझं वय नाही" म्हणून परत पाठवणं मला पटत नाही. पालकांना प्रवेशाच्या वेळीच लेखी सांगा की तीन-चार वर्षांच्या मुलाला वही मिळणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, त्याचा भर खेळावर आणि कृतीवर आहे, आणि पहिलीचं वय सहा आहे. धोरण वाचून दाखवून पालक गप्प होतील, पण पटणार नाही. पटण्यासाठी एका शनिवारी त्यांना खाली बसवून शेंगा सोलायला, चिमट्यानं राजमा उचलायला लावा आणि बोटं कशी दुखतात ते बघू द्या. तरी दोन-तीन जण जातील. जाऊ द्या.

जाऊबाईंशी हे सगळं ओट्यापाशी बोलू नकोस, सासूबाईंसमोर तर मुळीच नाही. रविवारी दोघीच मिसळ खायला बाहेर पडा आणि वेळापत्रकाचा कागद सोबत ने. पहिलं वाक्य मनोऱ्याबद्दल त्यांचं बरोबर होतं हे असू दे. लाकडाचं त्यानंतर.

चावणारा मुलगा राहिला. हळुवार वागायचं म्हणजे त्याला काहीच म्हणायचं नाही असं नव्हे. आधी ज्याला चावलं त्याला जवळ घ्या. मग चावणाऱ्याच्या उंचीला बसून, आवाज न चढवता, "चावायचं नाही, दुखतं," एवढंच. जबरदस्तीनं सॉरी वदवून घेऊ नका. तो केव्हा चावतो ते आठ-दहा दिवस लिहून ठेवा. बहुतेक डब्याच्या आधी, भुकेच्या वेळी असेल. आणि मावशींवर चिडू नकोस. बागुलबुवा सोडून काय म्हणायचं हे त्यांना आजवर कोणी सांगितलेलंच नाही. तुमच्या बैठकीत त्यांना बोलवा, त्या तासाचे पैसे द्या, आणि मुलाच्या वेळांची वही त्यांच्याकडेच सोपवा. डबा उघडताना मुलांजवळ त्याच असतात.

तुझी,
ताई